पेवातली स्पॅनिश

आपल्याला स्पॅनिश येते, आणि अशी येते की खुद्द तिकडच्या माणसाने ऐकली तर त्याने कानाच्या पाळीला हात लावावा, असं चिंतामण मास्तरांनी विष्णुपंतांच्या पेढीवर भर दुपारी सांगून टाकलं. सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. मोठी गोष्ट बोलायची असली की मास्तर डोळे मिटून घेत. समोरच्याचा चेहरा दिसला नाही की माणूस कसा निर्धास्त बोलतो.

एरवी विष्णुपंतांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्या दिवशी त्यांच्या अगदी गळ्याशी आलं होतं. लढाई संपून दुसरं वर्ष लागलं होतं, हळदीचं पीक उदंड आलं होतं, आणि सांगलीच्या पेठेत जिकडे पाहावं तिकडे पिवळं दिसत होतं. अशात मुंबईच्या दलालाने अर्जेंटिना देशाचं एक बडं गिऱ्हाईक विष्णुपंतांच्या अडतीवर धाडलं. बरोबर दुभाषा म्हणून कुतिन्हो नावाचा गोव्याचा माणूस दिला. त्याला पोर्तुगीज येत असे, आणि पोर्तुगीज येणाऱ्याला स्पॅनिश आपोआप उमजते म्हणतात. या कुतिन्होने मिरजेला गाडीतून उतरल्या उतरल्या खानावळीत तांबड्या रश्श्यावर आडवा हात मारला, आणि आता तो मिरजेतच एका दवाखान्यात पोट धरून आडवा पडला होता. पाहुण्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तो पांढराशुभ्र सूट घालून संस्थानच्या बंगल्यात बसला होता आणि बोलायला कुणी नाही म्हणून खिडकीतून म्हशी बघत होता.

"चिंतामणराव, ही चेष्टा नाही ना?" विष्णुपंतांनी विचारलं.

"गुरुमुखातून घेतलीय," मास्तर म्हणाले.

गुरुमुख हा शब्द मास्तर उगीच वापरत नसत. ते मूळचे साताऱ्याचे. सकाळी विष्णुपंतांच्या पेढीवर पत्रव्यवहार करायचा आणि संध्याकाळी घरोघरच्या मुलींना पेटीवर गाणं शिकवायचं, असं त्यांचं सांगलीतलं जिणं होतं. त्यांचं स्वतःचं गाणं साताऱ्याला एका बुवांच्या पायाशी बसून झालेलं. बुवांच्या शिकवण्याला एकच नियम होता. मी करतो तसं करा, विचारू नका. बुवांचे पुढचे दात पडलेले होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक 'स' वाऱ्यावर निघून जाई. त्यांचे सगळे शिष्य, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेले, तसाच 'स' काढत. एकदा बुवांना बडा ख्याल गाताना समेच्या अलीकडे ठसका लागला, तर त्यानंतर सातारा जिल्ह्यात तो ख्याल ठसक्याशिवाय कुणी गायला नाही. गाणं घ्यायचं तर सगळं घ्यायचं, निवडून घ्यायला ती काय भाजी आहे, असं बुवा म्हणत. मास्तरांच्या हाडात हे मुरलं होतं.

तर असे मास्तर स्पॅनिशपर्यंत पोचले ते गुंडामुळे. गुंडा माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. पलटणीतून इटलीला जाऊन लढाई करून आला आणि विष्णुपंतांच्या हरिपुरातल्या हळदीच्या पेवांवर राखणदार म्हणून राहिला. तिकडून येताना त्याने फोनोच्या तबकड्यांचं एक खोकं आणलं होतं. एका म्हातारीला खाण्याचे डबे दिले, तिनं हौसेनं हे दिलं, असं तो सांगे. बोटीत, रेल्वेत आणि शेवटी दहिवडीच्या बैलगाडीत त्या तबकड्यांचा चुरा झाला. एकच वाचली. ती त्याने मास्तरांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो तवा तेवढा ऱ्हायलाय. तुमी गाण्यातलं, तुमी ऐका. आमच्या रानात ह्येचं काय करायचं?"

मास्तरांनी आपल्या जुन्या फोनोवर तो तवा लावला, आणि त्या दुपारी त्यांचं सांगलीतलं लक्ष जे उडालं ते उडालंच. एक बाई गात होती. आवाज भरदार, थोडा घोगरा, आणि ओळ संपली की एक उमाळा. तबकडीवरचा कागद अर्धा खरवडलेला होता. कॉलेजातल्या एका प्रोफेसरांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की भाषा स्पॅनिश, आणि गाव अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स. तिथल्या नदीला पलीकडचा काठ दिसत नाही, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. ते त्यांनी सांगायला नको होतं. तेव्हापासून मास्तर कृष्णेच्या घाटावर बसत आणि पलीकडच्या काठाकडे पाहून तो नाहीच असं समजत. मग पाणी वाढत वाढत आभाळाला लागे, सांगलीवाडी बुडून जाई, आणि पाण्याच्या शेवटाला एक पांढरं गाव उभं राही. त्या गावात एक रंगमंदिर. तिथे दिव्यांच्या झगमगाटात ती बाई गाते आहे, लोक रडताहेत, आणि मागच्या रांगेत धोतर नि काळी टोपी घातलेला एक गृहस्थ हात जोडून उभा आहे. तो गृहस्थ कोण, हे सांगायला नको. आयुष्यात एकदा तिथे जावं, गुरूचं गाणं समोर ऐकावं आणि पायावर डोकं ठेवावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच.

बाईंना गुरू मानल्यावर गंडा बांधणं आलं. एका गुरुवारी मास्तरांनी फोनोच्या कर्ण्याला लाल दोरा बांधला, दुसरा आपल्या मनगटाला बांधला, आणि कर्ण्यापुढे नारळ नि गूळ-फुटाणे ठेवून साष्टांग नमस्कार घातला. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. संसारात बऱ्याच गोष्टी बघितलेल्या बाई त्या. गुरूंचं झालं असेल तर फुटाणे उचलू का, मुंग्या येतील, एवढंच त्या म्हणाल्या.

मग तालीम सुरू झाली. बाई 'र' म्हणताना घशात गुळणी केल्यासारखा आवाज काढत. मास्तरांनी तो आवाज कमावला. त्यासाठी ते सकाळी मिठाचं पाणी घेऊन तासन् तास परसात उभे राहत. बाईंच्या तोंडी 'ब' कडक होऊन 'प' होई, 'व' चा 'फ' होई आणि शब्दाचं शेपूट त्या गिळून टाकत. मास्तरही गिळू लागले. प्रोफेसरांनी कॉलेजातून एक स्पॅनिश शब्दकोश मिळवून दिला होता. मास्तर ऐकलेला शब्द त्यात शोधायला जात, तर तो कधी म्हणून सापडत नसे. प्रोफेसर एकदा म्हणाले की अहो, 'प' मध्ये नसेल तर 'ब' मध्ये बघा, कदाचित बाईंचा उच्चार तसा असेल. मास्तरांना हे लागलं. ज्याने कधी गाणं केलं नाही त्याने कोश करायला घेतला की असंच व्हायचं, असं म्हणून त्यांनी कोश परत केला. अर्थ त्यांनी सुरांवरून लावले. सूर खाली आला की 'का सोडून गेलास', वर गेला की 'ये ना', आणि उमाळ्याला अर्थाची गरज नव्हती. अशा रीतीने दोन्ही बाजूंची दोन गाणी मिळून मास्तरांची भाषा पुरी झाली.

अडचण फक्त उमाळ्याची होती. मास्तर गुरूंसारखाच खरा उमाळा काढत, आणि आळीतल्या बायका कुणाकडे काय झालं म्हणून धावत येत. दोनदा तर शेजारी तिरडीच्या बांबूची चौकशी करून गेले. शेवटी गोदावरीबाईंनी निक्षून सांगितलं की हे गाणं आता गावाबाहेर न्या. तेव्हा गुंडाने हरिपुरातलं एक रिकामं पेव मास्तरांना दिलं.

हरिपुरात हळद जमिनीखाली पेवात साठवतात. रांजणासारखा खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आधी गुंडा दोरीने कंदील खाली सोडी. तो विझला नाही, म्हणजे हवा चांगली आहे, असं पाहून मग मास्तरांना सोडी. आत गेलं की वरून उजेडाचा एक गोल कवडसा पायाशी पडे. भिंतींना वर्षानुवर्षांची हळद, सगळा अंधारच पिवळा. तिथे सूर लावला की तो भोवताली फिरून आपल्याच कानात परत येई, मोठा होऊन, थेट फोनोच्या कर्ण्यातून आल्यासारखा. मास्तरांना तिथे बाईंचा आणि आपला आवाज वेगळा ओळखू येईनासा झाला. इतकं सुख त्यांना जमिनीवर कधी मिळालं नव्हतं.

आता पुन्हा पेढीवर या. विष्णुपंतांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि जे सांगितलं, ते ऐकून मास्तरांचे मिटलेले डोळे उघडले. सौदा झाला तर माल मुंबईहून बोटीने जायचा होता, आणि पहिलीच खेप म्हणून मालाबरोबर पेढीचा एक माणूस थेट त्या देशापर्यंत जायचा होता. "तुम्ही हा सौदा जमवा, चिंतामणराव. तो माणूस तुम्हीच. शब्द देतो."

मास्तर घरी कसे गेले ते त्यांना कळलं नाही. वाटेत त्यांना दोन ओळखीच्यांनी नमस्कार केला, तर त्यांनी उत्तरादाखल एक उमाळा काढला, असं मागाहून कळलं.

पाहुणा दुसऱ्या दिवशी दुपारी पेढीवर यायचा होता. मास्तर सकाळीच हरिपुरला गेले. शेवटची तालीम नीट व्हायला हवी होती. गुंडाने कंदील सोडला, मास्तरांना सोडलं, दोरी वर ओढून घेतली आणि तो चिंचेखाली तंबाखू मळत बसला.

इकडे पाहुण्याला म्हशींचा कंटाळा आला होता. तो आपण होऊन टांग्यात बसून पेढीवर आला आणि हातवारे करून माल दाखवा म्हणू लागला. मास्तरांना शोधायला माणसं धावली. ते घरी नाहीत म्हटल्यावर विष्णुपंतांनी नाइलाजाने पाहुण्याला टांग्यात घालून हरिपुरची वाट धरली. वाटभर दोघे एकमेकांकडे पाहून हसत होते. दोघांनाही घाम फुटला होता.

मास्तर पेवात दुसऱ्या बाजूचं गाणं म्हणत होते. वर टांग्याचे घुंगरू वाजले, ते त्यांना टाळ्यांसारखे वाटले. गाणं रंगात आलं होतं. पायाशी पडलेल्या कवडशात ते उभे होते, रंगमंदिर भरलं होतं, आणि आज पहिल्यांदाच ते मागच्या रांगेत नव्हते. त्यांनी घशातून एक लांबलचक 'र' फिरवला, शब्दाचं शेपूट गिळलं आणि असा उमाळा काढला की भिंतीची हळद खाली झरली.

वर घुंगरू थांबले. मग कुणीतरी गुदमरल्यासारखा आवाज काढला.

कवडसा झाकला गेला. पेवाच्या तोंडाशी एक हॅट दिसली आणि हॅटमधून कुणीतरी भराभर काहीतरी विचारू लागलं. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा बोललेली स्पॅनिश ऐकली, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. काय ते उच्चार! 'र' घशात नाहीच, जिभेच्या टोकावर नुसता खडखडतोय, फरशीवरून गाडी गेल्यासारखा. 'ब' मऊ, शेपटं जशीच्या तशी बाहेर, उमाळ्याचा पत्ता नाही. बिचारा व्यापारी माणूस, चांगल्या घराण्याची तालीम कुठून मिळणार? मास्तरांनी त्याला नावं ठेवली नाहीत. आपल्या शिकवणीच्या मुलींना जसं सांभाळून घेत, तसंच त्याला सांभाळून घ्यावं म्हणून त्याचाच एक शब्द त्यांनी पकडला, आणि तो कसा म्हणायचा ते घोटून, घशातून, गाऊन दाखवला.

वर धप्पकन् आवाज झाला. पाहुणा खालीच बसला होता. पेवाच्या कडेला पालथा पडून त्याने रुमालात तोंड खुपसलं होतं आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते.

"चिंतामणराव," विष्णुपंतांचा भरलेला आवाज खाली आला, "पाहुण्यांच्या डोळ्यांना धारा लागल्यात. आता थांबू नका."

मास्तर कशाला थांबतात? त्यांनी पहिली बाजू घेतली. मग दुसरी परत घेतली. पाहुणा मधूनच मान वर काढून एखादं वाक्य बोले, मास्तर खालून त्याला नेमकी ओळ काढून देत, आणि पाहुणा पुन्हा रुमालात जाई. पलीकडे हळद निवडणाऱ्या बायका काम टाकून जमल्या. त्यांतली बनुबाई जाणती. तिने पाहुण्याकडे एकदाच पाहिलं आणि तिचं काळीज कळवळलं. "लेकराला आई आठवली गं," ती म्हणाली, "कुठल्या कुठं येऊन पडलंय." तिने पदर डोळ्यांना लावला, तशा बाकीच्यांनीही लावला. टांगेवाला नाक ओढू लागला. विष्णुपंत, ज्यांनी वडिलांच्या तेराव्यालासुद्धा हळदीचा भाव विचारला होता, ते धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. पाहुणा या सगळ्यांचे चेहरे बघे आणि त्याला आणखी उमाळे येत. त्याने दोन्ही हात जोडून पुरे पुरे अशी खूण केली, तेव्हा गुंडाने मास्तरांना वर ओढून काढलं.

मास्तर वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. टोपी पिवळी, मिशी पिवळी, पापण्या पिवळ्या. बोहल्यावर जायला निघालेलं पन्नाशीचं ध्यान. पाहुण्याने त्यांना पाहिलं, एक किंकाळी फोडली आणि मिठीच मारली. पांढऱ्या सुटावर मास्तर उमटले. दोघेही गदगदत होते. मास्तर खऱ्या आनंदाने, आणि पाहुणा कशाने ते पुढे येतंच आहे.

मिठी सुटल्यावर पाहुण्याने भिजलेला रुमाल वाळवावा म्हणून हातावर पसरून धरला. हळदीच्या बाजारात रुमालाचा अर्थ एकच. भाव तोंडाने बोलायचा नसतो. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून काय ते सांगायचं, म्हणजे चार लोकांत बभ्रा होत नाही. परदेशी माणसाने आपली रीत शिकून यावी, याचं विष्णुपंतांना केवढं कौतुक वाटलं! त्यांनी चटकन् रुमालाखाली हात घातला आणि बोटांनी असा भाव सांगितला, की तो मागायला सांगलीत कुणी धजलं नसतं. घासाघीस व्हायची म्हणून वरूनच सुरुवात करायची असते. पाहुण्याला एवढंच कळलं की हे भलं म्हातारं आपला हात धरून आपलं सांत्वन करतंय. त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळी बोटं आवळून खूप वेळ हलवला.

सौदा पुरा झाला होता. विष्णुपंतांना आधार द्यायला दोन माणसं लागली.

एवढ्यात दुसरा टांगा आला. त्यातून कुतिन्हो उतरला, फिकट, दर दोन पावलांनी पोटाला हात लावत. पाहुणा त्याच्याकडे धावला आणि मास्तरांकडे बोट दाखवून भडाभडा बोलू लागला. बोलता बोलता मधेच त्याने मास्तरांची नक्कल करून दाखवली. कुतिन्हो आधी हसला, मग मास्तरांकडे पाहून गंभीर झाला. भला माणूस होता. त्याने मास्तरांना चिंचेच्या सावलीत बाजूला घेतलं.

"मास्तर, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही जिची गाणी म्हणता, ती बाई तिकडची नाही. व्हिएन्नाकडची आहे. तिला स्पॅनिश येत नाही. फोनोवर ऐकून ऐकून तिनं गाणी पाठ केली."

"म्हणजे आमच्यासारखीच," मास्तर म्हणाले.

"अगदी तुमच्यासारखीच. आणि तिचे उच्चार ऐकून लोकांची हसून मुरकुंडी वळते. तिकडे तिची तबकडी घरोघर आहे. पाहुणे आले, हसायचं असलं, की लावतात. साहेब म्हणतो, आयुष्यात इतका हसलो नव्हतो."

मास्तरांनी पेवाकडे पाहिलं. बनुबाई अजून डोळे टिपत होती. बाईंचा प्रत्येक उमाळा त्यांच्या गळ्यात होता. स्वतःचं त्यांना तितकं वाटलं नाही. साताऱ्याच्या बुवांकडे असताना लोक हसलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी विचारलं, "तिला हे ठाऊक आहे?"

कुतिन्होने पाहुण्याला विचारलं. पाहुण्याचं हसू थांबलं. तो हळू आवाजात काही बोलला.

"नाही," कुतिन्हो म्हणाला. "ती फार मनापासून गाते. म्हणून रंगमंदिरात लोक मोठाले रुमाल नेतात आणि तोंडावर धरतात. खांदे हलतात, तिला वाटतं रडतायत. साऱ्या गावानं हे सांभाळलंय. तिला सांगणाऱ्याला तिथं कुणी उभं करणार नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि ते रंगमंदिर साहेबाच्या मेव्हण्याचं आहे. साहेब म्हणतो, तुम्ही चला. तुम्हाला बाईंच्या शेजारी उभं करतो. दोघांनी मिळून गायचं."

मास्तर चिंचेला टेकले. मागच्या रांगेपुरतं त्यांनी मागितलं होतं, आणि त्यांना गुरूच्या शेजारची जागा मिळत होती. बोट मुंबईला उभी होती. पलीकडचा काठ नसलेली नदी होती, पांढरं गाव होतं, दिवे होते. आणि आता रुमालही होते. बाई विचारणार, लोक कसे रडतात पाहिलंत ना? गुरूला खरं सांगण्याची त्यांची छाती नव्हती, आणि खोटं सांगण्याइतकी स्पॅनिश त्यांना येत नव्हती.

विष्णुपंत सावरून जवळ आले. "काय म्हणतात साहेब?"

"म्हणतात, उच्चार हुबेहूब त्यांच्याकडच्या बाईंसारखे आहेत."

"मग आता घरी जा आणि ट्रंक भरायला घ्या. मी दिला शब्द मोडत नाही."

"विष्णुपंत," मास्तर म्हणाले, "माझ्याऐवजी दुसरा कुणीतरी पाठवा. ज्याला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही, असा."

विष्णुपंतांनी फार समजावलं. मास्तर ऐकेनात, तेव्हा कलावंत माणूस लहरी असायचाच असं म्हणून त्यांनी गुंडाला पाठवलं. त्याने समुद्र पाहिलेला होता, आणि माल राखणं हे त्याचं कामच होतं.

गुंडा दिवाळीच्या सुमाराला परत आला. मास्तरांच्या ओट्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. तिकडचे बैल हत्तीएवढे, माणसं दिवसभर मटण खातात, आणि हळद कशाला घेतली ते त्यांचं त्यांना ठाऊक. साहेबाने त्याला एक दिवस रंगमंदिरात नेलं होतं.

मास्तर पेटीचा भाता पुसत होते. पुसता पुसताच त्यांनी विचारलं, "बाईंना ऐकलंस?"

"ऐकलं की. थेट तुमच्यावानी गाती. मला वाटलं, मास्तरच लुगडं नेसून आलं."

"आणि लोक?"

"आवं, लोकाचं काय इचारता? आक्खं थेटर रुमाल लावून बसल्यालं. लय रडली माणसं. एक बाप्या तर रडून रडून खुर्चीवरनं खाली पडला. मी बी रडलो, मास्तर, खोटं कशाला बोलू? आन् गाणं सरल्यावर म्होरं गेलो आन् तुमच्या नावानं बाईच्या पाया पडलो. ती कायतरी बोलली, मला काय कळतंय? पर तिचं डोळं भरून आलं हुतं."

मास्तरांनी फडकं घडी करून पेटीवर ठेवलं.

"रडणारच," ते म्हणाले. "उच्चार फार शुद्ध आहेत तिचे."